कंपनांचे उपासक चंद्रशेखर वेंकट रामन

कीर्तन रंगात आले असता पखवाजावर थाप पडते आणि तिचा नाद वीणेच्या स्वरात मिळून जातो, हा आपल्या घरोघरच्या अनुभवातील प्रसंग आहे. पखवाजी मधून मधून हातोडीने गट्टे ठोकून वाद्य स्वरात आणतो आणि ऐकणाऱ्यास त्यात काही नवल वाटत नाही. वास्तविक ते मोठे नवल होय. ताणून बसविलेल्या गोल कातड्यास निसर्गतः सूर नसतो. त्यावर आघात केला असता एकाच वेळी अनेक कंप उठतात. त्यांतील मूळ कंपाची संख्या १ मानली, तर पुढील कंपांच्या संख्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या येतात. म्हणून साधा ढोल वाजतो, पण गात नाही. आपल्या देशातील कोणा अज्ञात कारागिराने मात्र कातड्याच्या मध्यभागी शाईचा जाड लेप चढविला, आणि त्या लेपाच्या भाराने तेच विसंवादी कंप १, २, ३, ४, ५ अशा सरळ प्रमाणात येऊन बसले. हे रहस्य १९२० साली शास्त्रीय भाषेत जगापुढे मांडणारा पुरुष तेव्हा अवघा एकतीस-बत्तीस वर्षांचा होता. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

पुढे हे नाव प्रकाशाच्या शोधामुळे जगभर गाजले, आणि त्या कीर्तीच्या झोतात त्यांच्या आयुष्याचा हा मूळ झरा पुष्कळांच्या दृष्टीआड झाला. रामन प्रथमपासून अखेरपर्यंत कंपनांचे अभ्यासक होते. तार, चामडे, समुद्राचे पाणी, द्रवाचा रेणू, हिरा या सर्वांत त्यांनी एकच प्रश्न विचारला : ही वस्तू कोणकोणत्या स्वरांत कंप पावते? या एका प्रश्नाने त्यांना जगन्मान्य केले, आणि याच प्रश्नाच्या उत्तराविषयीच्या आग्रहाने उत्तर वयात त्यांना एकाकीही केले.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ तिरुवानैक्कावल येथे झाला. मातेचे नाव पार्वती अम्माळ. पिता चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापक असून व्हायोलिन वाजवीत. त्यांना विशाखापट्टणच्या महाविद्यालयात जागा मिळाल्यावर कुटुंब तेथे गेले. ग्रंथ आणि संगीत ही या घरातील खरी संपत्ती. मुलगा प्रकृतीने किरकोळ, परंतु बुद्धीने विलक्षण. वयाच्या अकराव्या वर्षी तो मॅट्रिक्युलेशन उत्तीर्ण झाला आणि १९०३ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाला. इतका लहान मुलगा बी. ए.च्या वर्गात बसलेला पाहून प्राध्यापकांनी तो चुकून आला नाही ना, अशी चौकशी केली असे सांगतात.

हे महाविद्यालय मरीनाच्या किनाऱ्यावर, समुद्रासमोर आहे. १९०४ मध्ये रामन बी. ए.ला विद्यापीठात पहिले आले आणि पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पुढे एम. ए.ला शिकत असता प्राध्यापक जोन्स यांनी त्यांना वर्गाच्या बंधनातून मोकळे सोडून प्रयोगशाळा वापरू दिली. आपल्याहून शहाणा शिष्य ओळखून त्याच्या वाटेतून बाजूस होणे हेही अध्यापनाचेच एक अंग आहे, आणि ते सर्वांना साधत नाही. नोव्हेंबर १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशावरील रामन यांचा पहिला निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या मनावर ज्या ग्रंथांचा सर्वांत खोल संस्कार झाला असे रामन सांगत, ते तीन होते. एक एडविन अर्नोल्डचे बुद्धचरित्रपर काव्य. भगवद्गीतेचे इंग्रजी पद्य रूपांतर करणारा अर्नोल्ड तो हाच. दुसरा युक्लिडचा भूमितीग्रंथ. तिसरा हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ. हा तिसरा ग्रंथ महाविद्यालयात असतानाच त्यांच्या हाती आला, आणि घरी वडिलांच्या व्हायोलिनवर जे कानांनी ऐकले होते, त्याचे गणित त्यांना त्यात सापडले.

येथे कंपनशास्त्राची एक मूळ गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. तार दोन्ही टोकांस बांधून छेडली असता तिच्यावरून लाट एका टोकाकडे जाते, आदळून परत फिरते, आणि जाणारी व येणारी लाट एकमेकींत मिसळतात. काही ठराविक कंपनसंख्यांनाच या दोन लाटांचा असा मेळ बसतो की लाट धावताना दिसतच नाही. तार जागच्या जागी फुगते व आकसते, आणि तिच्यावरील काही बिंदू स्तब्ध राहतात. यांस स्थिर तरंग म्हणतात, आणि त्या स्तब्ध बिंदूंस निस्पंद. तारेची लांबी, ताण व जाडी ठरली की तिचे स्वर ठरले. अधलेमधले स्वर तिला वर्ज्य. नादकाट्याच्या दांडीला दोरा बांधून हे स्थिर तरंग डोळ्यांस दाखविण्याचा मेल्डे नावाच्या शास्त्रज्ञाचा प्रयोग त्या वेळी प्रसिद्ध होता, आणि तरुण रामन यांचे चित्त त्यावर जडले. निस्पंद बिंदू अगदी निश्चल असतात असे सामान्यतः शिकवीत. रामन यांनी १९०९ साली दाखविले की ते सर्वथा निश्चल असणे शक्य नाही. तारेच्या पुढल्या भागास जी शक्ती पोहोचते ती याच बिंदूंतून पार होते, म्हणून तेथेही अतिसूक्ष्म हालचाल असलीच पाहिजे. गोष्ट लहान आहे. पण जेथे सर्वांस काहीच दिसत नव्हते तेथे यांना हालचाल दिसली.

विलायतेस जाऊन शिकावे, तर तेथील हवा या प्रकृतीस मानवणार नाही असे मद्रासच्या सरकारी डॉक्टरांनी सांगितले. शास्त्रज्ञाला पोट भरण्याची दुसरी वाट त्या काळी हिंदुस्थानात नव्हती. तेव्हा रामन यांनी सरकारी हिशेबखात्याची परीक्षा दिली आणि तीत पहिला क्रमांक मिळविला. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, लोकसुंदरी अम्माळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू त्यांनी स्वतः पसंत केली, हुंडा घेतला नाही. ती वीणेवर त्यागराजांची कृती वाजवीत असता त्यांनी तिला प्रथम पाहिले, अशी कथा आहे. दोघे कलकत्त्यास गेले.

एके दिवशी ट्रामने जात असता बहुबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून स्थापिलेली ती विज्ञानसंस्था. उपकरणे होती, दालने होती, पण त्यांत काम करणारा कोणी उरला नव्हता. रामन यांनी दार ठोठावले. तेथील आशुतोष डे नावाच्या साध्या सेवकाच्या साह्याने पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्री प्रयोग, मधल्या वेळात सरकारी हिशेब, असा क्रम पुढे दहा वर्षे चालला. अधूनमधून बदल्या होत. १९०९ मध्ये रंगून. १९१० मध्ये पिता निवर्तले; तेव्हा रजा घेऊन ते मद्रासला आले आणि तो शोकाचा काळही त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयाच्या जुन्या प्रयोगशाळेत काम करण्यात घालविला. नंतर काही महिने नागपूर. तेथे घरातच प्रयोगाची मांडणी झाली. १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता.

या काळात रामन यांनी वाद्यांचा जो अभ्यास केला, तो मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत रसाळ भाग वाटतो. गजाने वाजणाऱ्या तारेची गती नेमकी कशी असते याचा मोठा प्रबंध त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. व्हायोलिनचा अभ्यास करणाऱ्यांस तो आजही चुकवून चालत नाही. मग ते वीणा व तंबोरा यांकडे वळले. शास्त्राचा नियम असा की ज्या बिंदूवर तार छेडली, तो ज्या उपस्वराचा निस्पंद असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये. तंबोऱ्याने हा नियम मोडला होता. कारण त्याची घोडी धारदार नसून रुंद व किंचित वक्र असते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. थरथरणारी तार त्या वक्र पृष्ठास पुनःपुन्हा स्पर्श करते आणि जे उपस्वर नसावयाचे तेही जागे होतात. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढतो तेव्हा त्याच्या हातात हेच शास्त्र असते. त्याचे गणित रामन यांनी १९२१ मध्ये सांगितले.

मृदंगाच्या अभ्यासास त्यांना शिवकाली कुमार यांचे साह्य झाले. कातड्यावर बारीक वाळू पसरावयाची, ठराविक जागी बोट टेकवून दुसरीकडे टिचकी मारावयाची. जेथे कातडे स्तब्ध, तेथे वाळू जमते आणि कंपनाची आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. १९३५ मध्ये त्यांनी यावर पुन्हा सविस्तर लिहिले. कातड्याच्या नऊ वेगवेगळ्या कंपनपद्धती शाईच्या भारामुळे पाच सुसंवादी स्वरांत एकवटतात, असे त्यांनी दाखविले. पहिल्या दोन स्वरांस एकेक पद्धती, तिसऱ्या व चौथ्यास दोन दोन, आणि पाचव्यास तीन. पाश्चात्य ध्वनिशास्त्राने ताणलेले चामडे बेसूर मानले होते. आपल्या पूर्वजांनी ते केवळ कानाच्या बळावर सुरात आणले, याचा रामन यांना मोठा अभिमान वाटे. तो वृथाभिमान नव्हता, कारण त्यामागे वाळूच्या आकृत्यांचा पुरावा होता.

१९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून त्यांनी हिशेबखाते सोडून कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद स्वीकारले. वेतन पुष्कळ कमी झाले. या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती. ती रामन यांनी साफ नाकारली आणि विद्यापीठाने ती काढून टाकली. परदेशी ते गेले ते १९२१ मध्ये, विद्यापीठांच्या परिषदेस. लंडनच्या सेंट पॉलच्या घुमटात कुजबुज कशी फिरते याचे त्यांनी निरीक्षण केले. विजापूरच्या गोल घुमटाकडेही त्यांचे लक्ष गेले होते. परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला की हे आकाशाचे प्रतिबिंब की पाण्याचा स्वतःचा गुण? गंमत अशी की मद्रासला त्यांची तीन-चार वर्षे समुद्रासमोर गेली होती. प्रश्न पडण्यासही घटका यावी लागते.

पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात हे सिद्ध करून ते द्रव, वायू व स्फटिक यांतील विखुरलेल्या प्रकाशाच्या मागे सात वर्षे लागले. के. एस. कृष्णन हे त्यांचे प्रमुख साथी. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी निश्चित झाले की एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून विखुरला असता त्यात मूळ रंगाबरोबर काही नवे, किंचित बदललेले रंगही येतात. रेणूमधील अणू आपापल्या ठराविक स्वरांत कंप पावत असतात. प्रकाश त्यांना थोडी शक्ती देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, आणि ही देवघेव त्याच्या बदललेल्या रंगात उमटते. म्हणजे वाळूने जे मृदंगावर दाखविले, तेच प्रकाशाने रेणूत दाखविले. त्याच सुमारास मॉस्कोत लांड्सबर्ग व मांडेल्श्टाम यांनाही स्फटिकांत हीच गोष्ट आढळली होती. परंतु रामन यांचा वृत्तांत आधी प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा सन्मान मिळविणारे ते आशिया खंडातील पहिले पुरुष. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढील वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. हिटलरच्या राजवटीत देशोधडीस लागलेल्या थोर ज्यू विद्वानांस भारतात आणावे ही त्यांची दूरदृष्टी, आणि त्यातूनच मॅक्स बॉर्न १९३५ च्या हिवाळ्यात बंगळूरास आले. त्यांना कायमचे ठेवून घ्यावे असा प्रस्ताव रामन यांनी मांडला. तो फेटाळला गेला, आणि सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने बॉर्न यांच्याविषयी अवमानकारक भाषण केले. रामन यांचाही कारभार तापट व एकतंत्री होता. तक्रारी झाल्या, चौकशी झाली, आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले.

दैवाची गती अशी की ज्यांच्यासाठी त्यांनी एवढे सोसले, त्या बॉर्न यांच्याशीच त्यांच्या उर्वरित आयुष्याचा मोठा वाद झाला. वाद द्रव्याच्या अंतरंगाविषयीचा होता. मीठ, हिरा यांसारख्या घन स्फटिकात अगणित अणू ठराविक रचनेत बसलेले असतात व सतत कंप पावतात. त्यांच्या कंपनांवर त्या पदार्थाची उष्णता अवलंबून असते. बॉर्न यांनी १९१२ मध्येच फॉन कार्मान यांच्यासह असा सिद्धांत मांडला होता की या असंख्य अणूंच्या साखळीतून सर्व लांबींच्या लाटा जातात, म्हणून स्फटिकाचे स्वर इतके दाट असतात की ते जवळजवळ अखंड भासावेत. यासाठी त्यांनी स्फटिकाच्या कडेविषयी एक सोयीची गणिती कल्पना गृहीत धरली होती.

रामन यांना ती कल्पना मान्य नव्हती. १९४१ पासून त्यांनी आपला पर्यायी सिद्धांत मांडला. स्फटिकातील प्रत्येक घटक आपल्या शेजाऱ्यासारखाच आहे. तेव्हा तो शेजाऱ्याबरोबर एक तर एकाच दिशेने कंप पावेल किंवा नेमका उलट. तीन दिशांस दोन दोन शक्यता, म्हणजे एकूण आठ प्रकार. एका घटकात प अणू असतील, तर कंपनपद्धती २४प उणे ३ इतक्याच. हिऱ्याच्या घटकात दोन अणू, म्हणून पंचेचाळीस. आणि हिऱ्याची रचना इतकी सममित की त्यांतून वेगळे असे स्वर आठच उरतात. बॉर्न यांचा स्फटिक समुद्रासारखा, रामन यांचा मृदंगासारखा.

काही काळ पुरावा रामन यांच्या बाजूस दिसला. त्यांचे शिष्य आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्यातून विखुरलेल्या अतिनील प्रकाशाचे अत्यंत कष्टाने छायालेख घेतले, आणि त्यांत तुटक, ठळक रेषा होत्या. अखंड स्वरमालिकेत ठळक रेषा कोठून आल्या? परंतु उत्तर आले. १९४४ मध्ये लेडरमन या गणितज्ञाने दाखविले की स्फटिक पुरेसा मोठा असेल तर कडेविषयीच्या गृहीतकाने स्वरांच्या वाटणीत फरक पडत नाही. १९४८ मध्ये हेलेन स्मिथ यांनी बॉर्न यांच्या सिद्धांतावरून हिऱ्याचे गणित करून त्या आलेखाचा अर्थ लावला. अखंड मालिकेतही काही ठिकाणी स्वरांची दाटी होते, जत्रेच्या वाटेवर चौकात माणसे दाटतात तशी, आणि तेथे रेषा ठळक दिसते. १९५३ मध्ये फान होव्ह यांनी या दाटीचे सर्वसाधारण कारण सांगितले. अखेर न्यूट्रॉन कणांनी थेट मोजमाप शक्य केले. १९५८ साली कॅनडात ब्रॉकहाउस यांनी जर्मेनियम या स्फटिकाची कंपने मोजली, आणि त्या कामी त्यांचे सहकारी होते आपल्या तुर्भ्याच्या अणुकेंद्राचे तरुण शास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार. जर्मेनियमची रचना हिऱ्यासारखीच. कंपनसंख्या लाटेच्या लांबीबरोबर सलग बदलत गेलेली आढळली. निर्णय बॉर्न यांच्या बाजूने लागला.

रामन यांनी तो मानला नाही. आपल्या अकादमीच्या नियतकालिकात ते आपला सिद्धांत मांडतच राहिले. ही केवळ हट्टाची गोष्ट होती असे म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. ज्या कानाने तंबोऱ्यातील वर्ज्य स्वर ओळखला, निस्पंद बिंदूतील हालचाल हेरली आणि कातड्यातील नऊ कंपने पाच स्वरांत एकवटताना पाहिली, त्या कानाला सृष्टी स्वरांच्या मोजक्या संख्येत बोलते असेच आयुष्यभर ऐकू आले होते. तार आणि चामडे यांना कडा जवळ असतात. कड स्वर ठरविते. हिऱ्यातील अणूला कड इतकी दूर की त्याच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. जेथे कड नाही तेथेही मृदंगाचा न्याय लावण्याचा मोह त्यांना आवरला नाही. त्यापायी बंगळूरच्या कित्येक बुद्धिमान तरुणांची वर्षे या एका वादात खर्ची पडली, हेही नाकारता येत नाही. तथापि त्या वादानेच जगभरच्या शास्त्रज्ञांना हिऱ्याचे गणित अधिक काटेकोर करावयास लावले.

१९४८ मध्ये निवृत्त होऊन त्यांनी बंगळूरातच, म्हैसूरच्या महाराजांनी पूर्वी दिलेल्या जागेवर, स्वतःच्या नावाची संशोधनसंस्था उभारली. तिच्यासाठी ते स्वतः देणग्या मागत हिंडले. सरकारी पैशाबरोबर येणारी बंधने त्यांना नको होती. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न पदवी मिळाली. संस्थेत त्यांनी हिरे, स्फटिक, शंखशिंपले व खनिजे यांचा संग्रह केला होता. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावून लकाकणारे दगड ते शाळकरी मुलांस दाखवीत, तेव्हा वादांत कठोर झालेला तो पुरुष मुलांहून मूल होई. भोवती त्यांनी वाढविलेली बाग होती, गुलाब होते.

त्यांचे शिष्य देशभर पसरले. एल. ए. रामदास यांनी पुण्यात कृषिहवामानशास्त्राचा पाया घातला. पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेचे पहिले संचालक झाले. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मद्रासच्या त्याच प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकले आणि १९८३ मध्ये ताऱ्यांच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

१९७० च्या अखेरीस रामन प्रयोगशाळेतच कोसळले. रुग्णालयात मरण येऊ नये, आपल्या बागेत यावे, अशी त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांना संस्थेत परत आणले. २१ नोव्हेंबर १९७० च्या पहाटे त्यांनी देह ठेवला. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे कोणताही विधी झाला नाही. संस्थेच्या आवारात, झाडांमध्ये, त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला, आणि त्या जागी एक झाड लावले गेले. लोकसुंदरी अम्माळ त्यांच्यामागे दहा वर्षे होत्या.